ब्रिजएंडपर्यंत

मावशींनी विचारलं तेव्हा त्या दारात उभ्या होत्या, हातात माझा कढीचा डबा, घासून पुसून परत आणलेला. डबा रिकामा परत द्यायचा नाही हे त्यांना मी कधी सांगितलं नव्हतं, त्यांच्याकडेही तशीच रीत असावी, आत सोडा ब्रेडचे दोन जाड तुकडे होते, अजून कोमट. त्यांना मी नावानेच हाक मारते, इथे तसंच असतं, पण मनात त्या मावशीच आहेत, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. केमो चालू होती तेव्हा तोंडाची चव पार गेली होती त्यांची, आणि का कोण जाणे माझी कढी तेवढी त्यांच्या घशाखाली उतरायची. पहिल्यांदा दिली तेव्हा त्यातलं कढीपत्त्याचं पान त्यांनी बशीच्या कडेला ठेवलं, मग बोटांत चोळून वास घेतला आणि विचारलं होतं की हे नेमकं काय आहे. तर त्या दिवशी दारात उभं राहून त्या म्हणाल्या, आता रेडिएशन आहे, पंधरा सिटिंग, सोमवार ते शुक्रवार तीन आठवडे, मुलीला तीन दिवस जमतंय, मंगळवारी आणि गुरुवारी तू सोडशील का मला डेरीला? अल्टनागेल्विन हॉस्पिटलला? लांब नाही, पाऊण तास.

आणि मी म्हणाले, मला नाही येता येणार.

त्यांचा चेहरा पडला असं नाही, उलट त्यांनाच कसंतरी झालं, उगाच विचारलं की काय आपण, हिची कामं असतील, असं काहीतरी त्या घाईघाईने बोलायला लागल्या. म्हणून मला सांगावंच लागलं. मावशी, मला व्हिसा लागतो तिकडे यायला. डेरी उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनमध्ये येतं. माझ्याकडे इथलं, आयर्लंडचं रेसिडेन्स कार्ड आहे, पण पासपोर्ट भारताचा, आणि इथलं कार्ड पलीकडे चालत नाही. त्यांना ते कळेचना. व्हिसा? डेरीला? त्यांनी दोनदा विचारलं, आणि मग अगदी लहान मुलाला समजावतात तशा म्हणाल्या, "पण तिथे कोणीच नाहीये गं विचारायला."

ते खरंच आहे. तिथे कोणी नाहीये. आमच्या लेटरकेनीहून डेरीकडे निघालं की रस्त्यात ना नाका आहे, ना दांडा, ना साधी पाटी की आता इथून दुसरा देश. रस्त्याच्या कडेची तुटक पिवळी रेघ जाते आणि पांढरी सलग रेघ येते, वेगाच्या पाट्यांवरचे आकडे किलोमीटरचे असतात ते मैलांचे होतात, पोस्टाच्या हिरव्या पेट्या लाल होतात, आणि काही पाट्यांवर डेरीच्या लंडनडेरी या सरकारी नावातलं लंडन कोणीतरी काळ्या रंगाने पुसलेलं दिसतं. एवढंच. इथल्या आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांना एकमेकांकडे जायला-यायला काही लागत नाही, शंभर वर्षं होऊन गेली त्याला. बाकीच्यांना कायद्याने लागतं. कधीमधी बस थांबवून कागद बघतात म्हणे, आमच्या ओळखीत एक-दोघांना विचारलेलं आहे, आणि उद्या नागरिकत्वाचा अर्ज करायचा तर ते एक बारीक प्रकरण गळ्यात नको म्हणून आम्ही सगळे ती रेघ पाळतो. मी डब्लिनला जाऊन बोटांचे ठसे देऊन आठवडेच्या आठवडे वाट बघून व्हिसा घेऊ शकले असते, पण तोवर पंधरा सिटिंग संपले असते.

मावशी गेल्या आणि मी सोडा ब्रेडवर लोणी लावून खात ओट्यापाशीच उभी राहिले, आणि घास काही उतरेना. इतक्या महिन्यांत त्यांनी एकच गोष्ट मागितली होती.

मला जास्त लागलं ते हे की ही बॉर्डर आयुष्यभर त्यांची होती. त्या लिफर्डजवळच्या, लहानपणी आईबरोबर पूल ओलांडून स्ट्रबॅनला बाजाराला जायच्या. तेव्हा कस्टमची चौकी होती आणि कोटाच्या आत लोणी, चहा, साखर लपवून आणणं हे त्या भागातल्या प्रत्येक बाईला येत असे, मावशी ते सांगताना अजून कोटाचं बटण चाचपतात. मग १९६९ नंतर उत्तरेत आयर्लंडकडे ओढा असलेले आणि ब्रिटनकडे ओढा असलेले यांच्यात रक्तपात सुरू झाला आणि ते सगळं हसण्यावारी न्यायचं राहिलं नाही. पलीकडे सैन्य आलं, गल्लीबोळातून जाणारे शेकडो छोटे रस्ते सैन्याने खड्डे पाडून, काँक्रीटचे ठोकळे टाकून बंद केले, आणि शेत एकीकडे आणि गोठा दुसरीकडे अशी माणसं वीस वीस मैलांचा वळसा घालून गुरं आणायला लागली. पाचशे किलोमीटरची ही सीमा, तिच्यावरून जाणारे दोनशेहून जास्त रस्ते, आणि उघडे राहिलेले मोजके. डेरीला जायच्या वाटेवर कॉशक्विनला सैन्याची चौकी होती. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये सैन्याच्या तळावर स्वयंपाकाचं काम करणाऱ्या एका माणसाच्या घरच्यांना ओलीस धरून, त्याला बॉम्ब भरलेली गाडी चालवत त्या चौकीत जायला लावलं होतं. तो गेला आणि पाच सैनिक गेले. मावशींनी मला हे एकदाच सांगितलं, भांडी विसळता विसळता, पाठ माझ्याकडे करून. त्यांची थोरली बहीण लग्न करून डेरीला गेली होती, आणि प्रत्येक वेळी बहिणीकडे जाऊन परत येताना त्या चौकीजवळ आल्यावर गाडीत सगळे गप्प व्हायचे, पोरंसुद्धा, हे त्यांना अजून आठवतं.

तर अशा बाईच्या आयुष्यातून ती बॉर्डर खरोखर पुसली गेली. आणि ती पुसणारं जे काही होतं त्याच्या आत मी आता राहतेय.

इथला शांतता करार म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पूर्वी फोटोच यायचे, टायमधली माणसं, हस्तांदोलन, मागे झेंडे. १० एप्रिल १९९८, गुड फ्रायडे. डेरीचे जॉन ह्यूम आणि डेव्हिड ट्रिंबल यांना त्याच वर्षी मिळालेलं नोबेल. आणि करार होऊन चार महिने होतायत तोवर उत्तरेतल्या ओमा गावात झालेला स्फोट, २९ माणसं. हे आपण सगळ्यांनी पेपरात वाचलेलं आहे. पण इथे राहायला लागल्यावर मला त्या करारातला जो भाग दिसायला लागला तो फोटोत येण्यासारखा नाहीच, तो फार साधा भाग आहे, त्यांच्या भाषेत दुसरा धागा. पहिला धागा उत्तरेतल्या उत्तरेत कोणी कसं राज्य करायचं त्याचा, तिसरा लंडन आणि डब्लिनचा, आणि हा मधला उत्तर-दक्षिणेचा. दोन्हीकडच्या मंत्र्यांनी एकत्र बसायचं, त्याचं ऑफिस आर्मा नावाच्या गावात, पहिली बैठक डिसेंबर १९९९. बारा विषय ठरवले. आणि विषय काय तर कालवे आणि नद्यांमधली बोट वाहतूक, अन्न भेसळ आणि शुद्धता, व्यापार, युरोपातून येणारा पैसा, भाषा, मासे. मग शेती आणि जनावरांचे रोग, शाळा, पर्यावरण, आरोग्य, पर्यटन, रस्ते. मी ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आपल्या जिल्हा परिषदेच्या समित्या आठवल्या. तीस वर्षांत साडेतीन हजारांवर माणसं मेली होती आणि त्यानंतर ही लोकं बसून कालव्याबद्दल बोलणार होती! पण तेच तर शहाणपण होतं त्यांचं. ज्यावर भांडण आहे ते झेंड्याचं, देशाचं, ते तसंच राहू दे, तोपर्यंत गुरांच्या रोगाचं बघू. आणि २००१ साली खुरकूत आली तेव्हा ते खरंच उपयोगाला आलं, रोगाने काही पिवळी रेघ पांढरी रेघ बघितली नाही, दोन्हीकडच्या डॉक्टरांनी मिळून ती आटोक्यात आणली. ह्यूमसाहेब सांगायचे की रक्त नको, घाम गाळूया एकत्र. मला वाटायचं हे भाषणातलं वाक्य आहे. पण घाम म्हणजे हेच, फाईली, टेंडरं, मीटिंगा, कोणाची अँब्युलन्स कुठपर्यंत जाणार आणि बिल कोण देणार.

अल्टनागेल्विनचंच बघा. आमचा डोनेगॉल हा इतका कोपऱ्यातला जिल्हा की बाकीच्या देशाला तो एका चिंचोळ्या पट्टीने जोडलाय, बाकी एकीकडे समुद्र आणि दुसरीकडे उत्तर आयर्लंड. (देशाचं सगळ्यात उत्तरेचं टोक आमच्याकडे आहे आणि तरी पलीकडचे आम्हाला दक्षिणेतले म्हणतात.) इथल्या बायकांना रेडिएशन घ्यायचं तर गॉलवे, नाहीतर डब्लिन. गॉलवे म्हणजे साडेतीन-चार तास एका बाजूने. तेव्हा बायका सोमवारी बॅग भरून जायच्या, शुक्रवारी परत, आठवडाभर परक्या गावात, रोजच्या दहा-पंधरा मिनिटांच्या उपचारासाठी. काही जणींनी याच कारणाने वेगळं ऑपरेशन स्वीकारलं, स्तन पूर्ण काढून टाका पण ते रोजचं रेडिएशन नको, हे मी इथल्या दोन-तीन वयस्क बायकांकडून ऐकलंय आणि ऐकताना अंगावर काटा आला होता. आणि डेरीचं हॉस्पिटल पाऊण तासावर. मग डेरीला नवं सेंटर काढायचं ठरलं, दोन्हीकडच्या पेशंटसाठी. बांधायच्या खर्चात डब्लिन सरकारने वाटा उचलला, दुसऱ्या देशातल्या इमारतीसाठी. २०११ मध्ये पैशाच्या कारणावरून ते अडकलंही होतं, मग निवडणूक झाली, नवा मंत्री आला, त्याने मार्गी लावलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये पहिले पेशंट आले. आता हार्ट अटॅक आलेल्या डोनेगॉलच्या माणसालाही तिकडेच नेतात. आणि उलट्या बाजूने बघितलं तर बेलफास्टमधली लहान मुलांची हृदयाची ऑपरेशन्स बंद झाली, त्या मुलांना डब्लिनला आणतात. म्हणजे आमच्या म्हाताऱ्या तिकडे आणि त्यांची पोरं इकडे.

यातली एक गोष्ट मला फार वेळा आठवते. सेंटर सुरू झालं नोव्हेंबर २०१६ ला, आणि जानेवारी २०१७ मध्ये उत्तरेतलं सरकारच कोसळलं. तीन वर्षं सरकार नव्हतं. सरकार नाही म्हणजे मंत्री नाहीत, मंत्री नाहीत म्हणजे आर्माची बैठक नाही. त्याआधीही २००२ ते २००७ असंच झालेलं, पुढे २०२२ मध्ये परत दोन वर्षं. ब्रेक्झिटने तर सगळ्यांची झोप उडवली, मावशी म्हणतात त्या वर्षांत रोज बातम्या लावताना पोटात गोळा यायचा, परत चौक्या येतात की काय. पण या सगळ्या काळात सकाळी डोनेगॉलहून गाड्या निघत होत्या, बायका मशीनखाली झोपत होत्या, घरी येत होत्या. वर कोणी कोणाशी बोलत नव्हतं आणि खाली टेक्निशियन पेशंटला सांगत होता की आता हलू नका.

मला माझ्या आजीची आठवण येत राहिली हे सगळं चालू असताना. आमचं गाव सातार्ड्याकडचं, तेरेखोलच्या या अंगाचं. आजीचं माहेर पलीकडे पेडण्यात. तिचं लग्न झालं तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते. मग १९५५ चा सत्याग्रह झाला, पत्रादेवीला गोळ्या चालल्या, नाकेबंदी आली आणि जाणं-येणं तुटलं. आजीला नदीच्या या काठावरून माहेरच्या बाजूचे माड दिसायचे. "दिसता हा, पन जावक गावणा नाय," असं ती म्हणायची, आणि ते ती साठ वर्षांनीही वर्तमानकाळातच म्हणायची. तिची आई त्या वर्षांत गेली, निरोप तिसऱ्या दिवशी पोचला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला तेव्हा आजी पहिल्यांदा काय करायला गेली असेल तर आईच्या परसातल्या विहिरीचं पाणी प्यायला. आणि आता? आता आमच्याकडे कोणाचं काही गंभीर झालं की घरातलं पहिलं वाक्य असतं, बांबोळीला नेऊया. सिंधुदुर्गातली अर्धी आजारपणं गोव्याच्या त्या सरकारी हॉस्पिटलात निभावलेली आहेत, माझे आजोबा तिथेच होते शेवटचे अकरा दिवस, आणि मी कॉलेजमधून सुटल्यावर बांदा-पत्रादेवी असा प्रवास करून डबा घेऊन जायचे. मध्यंतरी गोव्याबाहेरच्या पेशंटना पैसे लावायचं ठरलं तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर बसले होते, मग महाराष्ट्राच्या योजनेतून ते भागवायची सोय केली गेली. दोन्हीकडे भारतच, तरी बसून ठरवावं लागलंच की कोणी किती द्यायचे. कोणत्याही हद्दीपलीकडच्या हॉस्पिटलची गोष्ट शेवटी तिथेच येते, आणि ती ठरवणारी माणसं मला फार मोलाची वाटतात, कारण त्यांची नावं कोणाला माहीत नसतात.

त्या रात्री नवरा म्हणाला, तू उगाच अपराधी वाटून घेतेयस. असेल. पण मला राग पण आला होता, आणि तो नक्की कोणावर ते कळत नव्हतं. करार करणाऱ्यांवर कसा येईल, त्यांच्यासमोर दोन समाज होते, एकमेकांना मारणारे, त्या दोघांसाठी त्यांनी जागा केली, प्रत्येकाला आयरिश म्हणवून घ्या की ब्रिटिश की दोन्ही, इतकी मोकळीक दिली. तेव्हा डोनेगॉलात मराठी बाई कढी करत असेल हे कोणाच्या मनात येणार? पण आता आलोय आम्ही. इथल्या हॉस्पिटलात केरळच्या नर्सेस आहेत, आमच्यासारखे आयटीवाले आहेत, फिलिपिन्सचे लोक आहेत. सुट्टीत शाळेची ट्रिप डेरीला जाते तेव्हा आमच्यातली काही पोरं घरी राहतात. मला स्वतःला डब्लिनहून घरी यायचं तर सरळ बस ओमा-स्ट्रबॅनवरून येते, म्हणजे मधला मोठा पट्टा पलीकडच्या देशातून, म्हणून मी लांबच्या वाटेने, स्लायगोवरून येते. डेरीतल्या स्थलांतरितांच्या संघटना हे मांडत असतात अधूनमधून, की इथे कायद्याने राहणाऱ्या माणसाला निदान पलीकडे ये-जा करू द्या. मला ते मनापासून पटतं. इतकी वर्षं बसून ज्यांनी हॉस्पिटलं जोडली, वीज जोडली, (१९७५ मध्ये बॉम्बने तुटलेली उत्तर-दक्षिण लाईन वीस वर्षं तशीच पडून होती, आणि २००७ पासून अख्ख्या बेटाचा विजेचा बाजार एक आहे), त्यांना हे अशक्य नाही. पण त्याला वेळ लागतो हेही मी इथेच शिकले. ती ओमा-स्ट्रबॅनची वाट, तो ए-फाईव्ह रस्ता, तिथे २००६ पासून पन्नासहून जास्त माणसं अपघातात गेली, डब्लिन सरकारने साठ कोटी युरो द्यायचं कबूल केलंय, आणि २०२५ च्या जूनमध्ये बेलफास्टच्या कोर्टाने हवामानाच्या मुद्द्यावर ती योजना रद्द केली. ज्यांच्या घरातलं माणूस त्या रस्त्यावर गेलंय त्यांनी कोर्टाबाहेर काय केलं असेल असं मनात आलं.

दोन दिवसांनी मावशीच परत आल्या, हातात कागद, त्यावर पेनाने आठवड्याचे वार. त्यांनी बहिणीच्या मुलीला फोन केला होता, डेरीला. ती म्हणाली मी ब्रिजएंडला येते की न्यायला, तिथून पुढे माझ्याबरोबर. मग तू मला ब्रिजएंडपर्यंत सोड आणि परत तिथूनच घे. चालेल?

ब्रिजएंड म्हणजे या बाजूचं शेवटचं गाव. गाव कसलं, चार घरं आणि पेट्रोल पंपच पंप, दोन्हीकडच्या भावात फरक असतो म्हणून.

सहा फेऱ्या झाल्या आमच्या, तीन मंगळवार, तीन गुरुवार. ऑक्टोबर होता, सकाळी गाडीची काच खरवडावी लागायची. मावशी व्यवस्थित लिपस्टिक लावून, मफलर गुंडाळून, पर्स मांडीवर घेऊन बसायच्या. उजव्या हाताला ओली कुरणं, डावीकडे लॉख स्विलीचं राखाडी पाणी, आणि पुढे बर्टच्या टेकडीवर तो गोल दगडी किल्ला, ग्रिआनान. मावशींना वाटेतल्या प्रत्येक घराचा इतिहास ठाऊक, याचा भाऊ अमेरिकेला गेला, हिचा नवरा बुडाला. उपचाराबद्दल त्या एवढंच म्हणायच्या की मशीन गुणगुणतं. ब्रिजएंडच्या पंपावर भाची आधीच येऊन थांबलेली असायची, पलीकडच्या नंबरप्लेटची पिवळी पाटी मला लांबूनच दिसायची. एका गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत बसायचं, मधे आठ-दहा पावलं. मी दरवेळी मावशींचा हात धरून ती पावलं चालायचे, भाची हसून हात करायची, आणि त्या गाडी वळवून जायच्या. आणि गंमत म्हणजे माझा फोन तिथे पंपावरच पलीकडचा टॉवर पकडायचा, यूकेमध्ये स्वागत आहे असा मेसेज यायचा. दर मंगळवारी आणि दर गुरुवारी.

मधला दीड-दोन तास मी कुठे घालवू म्हणून पहिल्या दिवशी पंपावरच चहा घेऊन बसले, काचेवरून पाऊस ओघळताना बघत. दुसऱ्या वेळी ग्रिआनानवर गेले. वर वारा इतका की कानात दुखायला लागतं, आत किल्ल्याच्या गोलात उभं राहिलं की एकदम शांत. भिंतीवर चढलं की एका बाजूला लॉख स्विली, दुसऱ्या बाजूला लॉख फॉइल, आणि डेरीची घरं, त्यातल्या कुठल्यातरी छपराखाली मावशी. मी खूप बघितलं पण सीमा कुठून जाते ते मला वरून ओळखता आलं नाही. कुंपणं होती, झुडपांच्या रांगा होत्या, त्यातली कुठली रांग ती? आणि फॉइलचं तर आणखीच वेगळं, त्या खाडीत नेमकी हद्द कुठे हे दोन देशांचं आजपर्यंत ठरलेलंच नाही. ब्रिटन म्हणतं सगळं पाणी आमचं, डोनेगॉलच्या किनाऱ्यापर्यंत, डब्लिनला ते मान्य नाही. पण त्यातले मासे दोघांनी मिळून राखायचे हे १९५२ मध्येच ठरलं, करार-बिरार व्हायच्या कितीतरी आधी, एकमेकांशी धड बोलतही नव्हते तेव्हा. करारानंतर त्याचीच मोठी संस्था झाली. आता त्यांचे लोक नदीवर फिरतात, साल्मन मोजतात, जाळी बघतात, दोन्ही काठांवर. साल्मन समुद्रातून परत आपल्या जन्मगावच्या ओढ्यात येतो ना अंडी घालायला, तो ओढा कधी या देशात असतो कधी त्या. आजी हे ऐकून काय म्हणाली असती, असं मी वाऱ्यात उभी राहून बराच वेळ मनात घोळवत होते.

एकदा भाची गाडीतून उतरून माझ्याशी बोलायला आली. पन्नाशीची असेल, जाड कोट, हातात कारची किल्ली. म्हणाली, लहानपणी आम्ही मावशीकडे उन्हाळ्यात यायचो तेव्हा चौकीवर सैनिक डिकी उघडून आमच्या बादल्या आणि फावडी बघायचे, वाळूत खेळायची. आणि आता तुला येता येत नाही. तिने माफी मागितल्यासारखं म्हटलं ते. मला काय बोलावं सुचेना, मी म्हटलं, तू येतेस ना पण. ती मान हलवत राहिली.

शेवटचा गुरुवार. पंधरावं सिटिंग शुक्रवारी होतं, ते मुलीबरोबर, म्हणजे माझी ही शेवटची फेरी. त्या दिवशी त्यांना यायला उशीर झाला. दीड तास झाला, दोन झाले, सव्वादोन झाले. भाचीचा फोन लागेना. मला नाही नाही ते सुचायला लागलं, मशीन बिघडलं असेल, मावशींना चक्कर आली असेल, आणि मी इथे पंपावर, इतक्या जवळ, आणि जाऊ शकत नाही. मी गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेने चालत गेले, पुढच्या वळणापर्यंत, जिथे पिवळी रेघ संपते. तिथे उभी राहिले. ट्रक जात होते, अंगावर पाण्याचा फवारा येत होता. आजी तेरेखोलच्या काठावर उभी राहायची ती अशीच का, माहीत नाही. मग ती पिवळ्या पाटीची गाडी आली, भाचीने मला बघून हॉर्न दिला, आणि मी पंपापर्यंत पळतच गेले.

मावशी गाडीतून उतरल्या त्या थकलेल्या होत्या, पण चेहरा लाल झालेला, काहीतरी केल्यासारखा. दुकान शोधत होतो, भाची म्हणाली, तीन ठिकाणी फिरलो, हिने ऐकलंच नाही. मावशींनी पर्स उघडली. आत टिश्यू पेपरात गुंडाळलेलं एक पान होतं, वाळून काळं झालेलं, कढीतलं. नाव येत नव्हतं म्हणून त्या ते पान घेऊन एशियन दुकानात गेल्या होत्या आणि काउंटरवर ठेवून विचारलं होतं की हे आहे का.

प्लास्टिकच्या पिशवीत दोन जुड्या होत्या, ताज्या, आतून पिशवीला घाम आलेला. लेटरकेनीत गेले दोन महिने मला कढीपत्ता मिळाला नव्हता, हे मी त्यांना कधीतरी सहज बोलले होते.

"हेच ना ते?" त्यांनी विचारलं.

मी एक पान मोडून त्यांच्या नाकाशी धरलं. त्यांनी डोळे मिटून वास घेतला, आणि मग म्हणाल्या चल, थंडी वाजतेय. मी त्यांचा हात धरला, आठ-दहा पावलं चाललो, त्यांचा पट्टा लावला, आणि गाडी लेटरकेनीकडे वळवली. हीटर सुरू झाल्यावर गाडीभर तो वास सुटला.